गरुडाच्या पुढचा बाण

अन्नसाखळी शिकवताना आपण फळ्यावर एक रांग काढतो. गवत, नाकतोडा, बेडूक, साप, गरुड. मध्ये बाण. गरुडापाशी रांग संपते, कारण गरुडाला खाणारं कुणी नसतं. मुलं वहीत उतरवून घेतात, तास संपतो.

तीन वर्षांपूर्वी चौथीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, गरुड म्हातारा होऊन मेला तर तो तसाच पडून राहतो का?"

मागून एक जण म्हणाला, "कावळं खात्यात त्याला."

"आन् कावळा मेल्यावर?"

"मुंग्या. किडं."

"आन् झाड मेल्यावर?"

इथे सगळा वर्ग थांबला. गरुड, कावळा ठीक आहे, पण एवढं मोठं झाड कोण खाणार? थोड्या वेळानं एक मुलगा म्हणाला, "वाळवी." उत्तर चांगलं होतं, पण अर्धंच होतं. मी फळ्यावर गरुडाच्या पुढे एक बाण काढला आणि त्याच्या टोकाशी रिकामा चौकोन ठेवला. म्हटलं, यात कुणाचं नाव येतं ते श्रावणात जंगलात जाऊन बघू.

त्या चौकोनात जे नाव आलं, त्याविषयी हा लेख आहे. ते नाव म्हणजे बुरशी. डब्यातल्या शिळ्या भाकरीवर येते ती बुरशी मुलांना माहीत असते. पण जंगलात हीच मंडळी शेंदरी, पिवळी, गुलाबी, जांभळी होऊन येतात आणि सगळ्या जंगलाचा संसार चालवतात, हे आपल्या वर्गांत फारसं सांगितलं जात नाही.

नावातच दुजाभाव

आमची शाळा भीमाशंकरच्या डोंगररांगेत आहे, द्विशिक्षकी. भीमाशंकर अभयारण्य 1985 साली जाहीर झालं, क्षेत्र साधारण 131 चौरस किलोमीटर. बाहेरच्यांना ते शेकरूसाठी माहीत असतं. आमची बहुतेक मुलं महादेव कोळी आणि ठाकर समाजाची. घरी भात, नाचणी, वरई. पावसाळ्यात रानभाज्या आणि अळंबी.

अळंबी म्हटलं की मुलांच्या तोंडाला पाणी सुटतं. पण तशाच दिसणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही छत्रीला ती "कुत्र्याची छत्री" म्हणतात आणि लाथेनं उडवतात. कुत्रं जिथे मुततं तिथे ती उगवते, असा समज आहे. खाता येते तिला मानाचं नाव आणि खाता येत नाही तिला कुत्र्याचं. गोव्यात अळंबीला अळमी म्हणतात, विदर्भात वारुळावरच्या अळंबीला सात्या म्हणतात. गावोगावी खायच्या जातींना नावं आहेत. न खायच्या शेकडो जाती मात्र एकाच नावाखाली ढकललेल्या.

मुलांना मी आधी एवढंच सांगितलं की आपल्याला दिसते ती छत्री म्हणजे पूर्ण जीव नव्हे. आंब्याच्या झाडाला आंबा, तशी ती बुरशीला लागलेली फळं आहेत. खरं 'झाड' मातीत, पाल्यात किंवा लाकडाच्या आत असतं, केसापेक्षा बारीक पांढऱ्या धाग्यांच्या जाळ्याच्या रूपात. त्याला कवकजाल म्हणतात. ते वर्षभर काम करत असतं. पाऊस पडून पुरेशी ओल मिळाली की बाहेर फळ धरतं, त्यातून धुळीपेक्षा बारीक बीजाणू उडतात, आणि दोन-चार दिवसांत फळ सडून जातं. कुत्र्याचा यात काही संबंध नाही.

दुसरी गोष्ट, ही वनस्पती नाही. तिच्यात हरितद्रव्य नाही, त्यामुळे स्वतःचं अन्न ती उन्हात बनवू शकत नाही. रॉबर्ट व्हिटेकर या शास्त्रज्ञानं 1969 साली सजीवांची पाच सृष्टींत विभागणी मांडली, तेव्हा कवकांना वेगळी सृष्टी दिली. त्यांच्या पेशीभित्तिकेत कायटिन असतं. खेकड्याच्या कवचात आणि झुरळाच्या पाठीत असतं तेच. हे सांगितल्यावर वर्गात "ईऽऽ" झालं, पण लक्षात राहिलं.

देवराईच्या कडेनं

ऑगस्टमध्ये दोन्ही वर्ग घेऊन आम्ही गावच्या देवराईच्या कडेनं गेलो. सोबत दोन पालक आणि एका मुलाची आजी. नियम तीन: काही तोडायचं नाही, काही तोंडात घालायचं नाही, पाय टाकण्याआधी खाली बघायचं. सापासाठीही हाच नियम कामाला येतो.

पहिला रंग दिसला तो आडव्या पडलेल्या एका लाकडावर. पंख्यासारखी अर्धगोल पातळ चकत्या, रंग थेट शेंदराचा. एका मुलानं हात जोडले, त्याला वाटलं कुणी देवाला शेंदूर फासलाय. ही पिक्नोपोरस नावाची बुरशी. उष्ण प्रदेशात मेलेल्या लाकडावर सगळीकडे सापडते. जवळच ओल्या काटक्यांवर पिवळ्या जेलीसारखे इवलेसे पळे उभे होते, बोटाच्या पेराएवढे. ती डॅक्रिओपिनॅक्स. एका कुजक्या फांदीवर गुलाबी-केशरी पेले, आत पाणी साठलेले, कडेला बारीक केस. ती कुकिना. या पेल्याला धक्का लागला किंवा वाऱ्याची झुळूक आली तर कधीकधी धुरासारखा लोट निघतो. एकदम हजारो बीजाणू बाहेर फेकले जातात.

मुलांना सगळ्यात आवडली ती 'घरटं बुरशी'. नखाएवढी वाटी आणि आत करड्या रंगाच्या चपट्या गोळ्या, चिमणीच्या घरट्यात अंडी असावीत तशा. पावसाचा थेंब नेमका वाटीत पडला की गोळी उडून लांब जाते, कधी मीटरभरसुद्धा. पाऊस तिचा टपाल्या. मुलं वाटीजवळ उकिडवी बसून थेंब पडायची वाट बघत राहिली. वर्गात पाच मिनिटं एका जागी न बसणारी हीच मुलं.

एक बुरशी आधी नाकाला कळली, मग डोळ्यांना. पांढऱ्या दांड्यावर टोपी आणि टोपीखालून जाळीचा परकर सोडलेला. दिसायला देखणी, वास मेलेल्या उंदराचा. त्या वासानं माशा येतात, टोपीवरच्या चिकट लगद्यावर बसतात आणि पायांना बीजाणू लावून घेऊन जातात. "बाई, फुलाला मधमाशी तशी हिला माशी," असं एक मुलगी म्हणाली. परागकण आणि बीजाणू यांत फरक आहे, पण निरोप्याला बोलवायची युक्ती तीच. तिसरीतल्या मुलीनं ती स्वतः ओळखली.

कुडाची भिंत कोण पाडतं?

आता मूळ प्रश्न. झाड कोण खातं?

आमच्याकडे अजून काही घरांना कुडाच्या भिंती आहेत. कारवीच्या काड्या उभ्या-आडव्या बांधायच्या आणि वरून माती-शेणाचं लिंपण करायचं. लाकूडही असंच असतं, असं मी मुलांना सांगितलं. काड्यांच्या जागी सेल्युलोज आणि लिंपणाच्या जागी लिग्निन. लिग्निनमुळे झाड ताठ उभं राहतं. ते पचवणं फार अवघड. गाय, शेळी, बहुतेक किडे, कुणालाच ते नीट जमत नाही. जगात हे काम पुरतं करणाऱ्यांत बुरश्यांचा नंबर पहिला.

त्यांच्याही दोन तऱ्हा आहेत. शेंदरी पिक्नोपोरससारख्या बुरश्या लिंपण आणि काड्या दोन्ही खातात. त्यांनी खाल्लेलं लाकूड पांढुरकं, तंतूतंतूचं होतं. पिवळ्या डॅक्रिओपिनॅक्ससारख्या बुरश्या काड्या खातात आणि लिंपण बरंचसं मागे ठेवतात. ते लाकूड तपकिरी होतं, त्याला चौकोनी भेगा पडतात आणि हातात चुरा होतो. मुलांना दोन्ही प्रकारचे तुकडे हातात देऊन दाखवले. रंगावरून कोण जेवून गेलं ते ओळखा, हा खेळ मग परत येईपर्यंत चालला.

आणि वाळवी? वाळवीचं उत्तर अर्धं का, ते आजींनी दाखवलं. देवराईबाहेर बांधाला वारूळ होतं आणि त्यावर पांढऱ्या अळंब्यांचा झुबका. आजी म्हणाल्या, "बाई, ही वारुळाची हाये. हिचं मूळ खाली लांब जातंया. वढलं तर मदीच तुटतं, पर शेवट हाती लागत न्हाय."

आजींचं म्हणणं अगदी बरोबर आहे. टर्मिटोमायसेस नावाची ही बुरशी वारुळातली वाळवीच पिकवते. वाळवी लाकूड, पाला, गवत खाली नेते, चावून त्याचे पोळ्यासारखे थर रचते आणि त्यावर ही बुरशी वाढवते. बुरशी ते अवघड अन्न मऊ करते, मग वाळवी ते खाते. म्हणजे वाळवी शेतकरी आहे आणि बुरशी तिचं पीक. पावसात बुरशीला फळ धरायची वेळ आली की त्या खोल पोळ्यापासून देठ वर चढत येतो. आजी म्हणतात ते लांब मूळ म्हणजे तो देठ. गोव्यात वारुळाला रोयण म्हणतात आणि या अळंबीचं नावच रोयणीची अळमी असं आहे. लोकांनी वारुळाचं आणि अळंबीचं नातं नावातच बांधून ठेवलंय.

रिकाम्या चौकोनात मुलांनी परतल्यावर लिहिलं: बुरशी, वाळवी, किडे. आणि तिथून एक बाण उलटा वळवून गवताकडे नेला. रांगेचं वर्तुळ झालं.

पडलेलं लाकूड तिथेच

देवराईत इतक्या जाती का दिसतात? एक सरळ कारण आहे. देवराईतून काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असा रिवाज. झाड पडलं तर पडल्या जागी कुजतं. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून त्यांचं महत्त्व अभ्यासकांसमोर मांडलं. आपण मुलांना देवराईतली उंच झाडं, वेली, पक्षी दाखवतो. पण तिथलं मेलेलं लाकूडही तितकंच जपलेलं आहे.

त्या लाकडावर किती जण अवलंबून असतात बघा. तांबट पक्षी मेलेल्या किंवा पोखरलेल्या मऊ फांदीतच घरटं कोरतो. धनेशाला अंडी घालायला मोठ्या झाडाची ढोली लागते. लाकूड आतून कुजतं तेव्हा अशा ढोल्या तयार होतात. अनेक भुंगेऱ्यांच्या अळ्या कुजक्या ओंडक्यातच वाढतात. जमिनीवरच्या पाल्यातही बारीक केसासारख्या दांड्याच्या, गुलाबी-केशरी टोप्यांच्या बुरश्या असतात. त्यांचे धागे एक पान दुसऱ्या पानाला शिवून टाकतात. उतारावर धुवांधार पाऊस कोसळतो तेव्हा असा शिवलेला पाला सहज वाहून जात नाही, खालची माती झाकलेली राहते.

भीमाशंकर परिसरात पावसाळी अंधाऱ्या रात्री काही कुजकी लाकडं आणि पाला हिरवट उजेड देतात, हे आता बऱ्याच जणांना माहीत झालंय. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते आधीपासून माहीत होतं. हा उजेड मायसेना गटातल्या बुरश्यांचा. बुरशीतलं ल्युसिफेरिन नावाचं द्रव्य आणि हवेतला ऑक्सिजन यांच्या क्रियेतून तो निघतो. काजव्याचा दिवा लुकलुकतो, हा सलग असतो. आणि तो दिसायला डोळ्यांना काही मिनिटं पूर्ण अंधाराची सवय व्हावी लागते. मोबाइल लावला की संपलं.

पण रात्री गाड्या भरून माणसं येतात, पाल्यातून फिरतात, चमकणारी काटकी उचलून खिशात घालतात. घरी पोचेपर्यंत ती वाळते आणि विझते. मग ती काटकी कुणाच्याच कामाची राहत नाही. पालकांना माझी विनंती आहे, मुलांना हे दाखवायला जरूर आणा, पण वनविभागाच्या परवानगीनं, स्थानिक माणसासोबत, पायवाट न सोडता. आणि काटकी तिथेच राहू द्या.

जमिनीखालची देवघेव

बुरशी फक्त मेलेलं खाते असं मुलांच्या मनात राहू नये, म्हणून पुढच्या तासाला मी मुळांचा विषय घेतला. आल्बर्ट फ्रांक या जर्मन शास्त्रज्ञानं 1885 साली मुळं आणि बुरशी यांच्या जोडीला 'मायकोरायझा' हे नाव दिलं. मराठीत कवकमूळ म्हणता येईल. जमिनीवरच्या बहुतेक वनस्पतींच्या मुळांशी अशी बुरशी असते. तिचे धागे मुळांपेक्षा बारीक, त्यामुळे मूळ पोचत नाही तिथून ते पाणी आणि विशेषतः स्फुरद आणून देतात. बदल्यात झाड त्यांना पानात बनवलेली साखर देतं. आंबा, तूर, ज्वारी, कांदा, सगळ्यांची ही देवघेव चालते. सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींच्या जीवाश्मांतही अशी बुरशी सापडली आहे.

ऑर्किडचं उदाहरण मुलांना पटकन कळतं. आमच्याकडे झाडावर सीतेची वेणी फुलते. तिचं बी पिठासारखं बारीक, त्यात पोटाची शिदोरीच नसते. योग्य बुरशी भेटली आणि तिनं पोसलं तरच ते रुजतं.

इथे शिक्षक मित्रांना एक सावधगिरीची गोष्ट सांगावीशी वाटते. 'झाडं बुरशीच्या जाळ्यातून एकमेकांशी बोलतात, आई झाड पिल्लांना जेवू घालतं' असे व्हिडिओ आपल्या ग्रुपवर सारखे फिरतात. याच्या मुळाशी सुझान सिमार्ड यांचा 1997 सालचा कॅनडातला अभ्यास आहे. त्यात भूर्ज आणि डग्लस फर या झाडांमध्ये कार्बनची देवघेव दिसली होती. पण 2023 साली याच क्षेत्रातल्या तीन शास्त्रज्ञांनी सगळे पुरावे पुन्हा तपासून सांगितलं की प्रत्यक्ष जंगलात हे जाळं किती पसरलेलं आहे आणि झाडं त्यातून पिल्लांना मदत करतात का, याबद्दल जितकं छातीठोक बोललं जातं तितका पुरावा नाही. म्हणून मी वर्गात मुळं आणि बुरशी यांची देवघेव सांगते, झाडांच्या गप्पा सांगत नाही. खरी गोष्ट पुरेशी नवलाची आहे.

शाळेतला ओंडका

त्याच वर्षी वळवाच्या पावसात शाळेच्या आवारातला जुना आंबा पडला होता. शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विषय निघाला. लाकूड विकायचं की फोडून सरपणाला द्यायचं? मी म्हटलं, थोडं लाकूड मागच्या कोपऱ्यात तसंच पडू द्या, मुलांना शिकायला. एक सदस्य हसून म्हणाले, "बाई, लाकूड कुजवायचं म्हंजी पैसं कुजवायचं झालं की."

त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. ज्या घरात आजही चूल पेटते त्या घराला सरपणाची किंमत कळते. दुसरा प्रश्न त्याहून अवघड आला. मी मुलांना पाला जाळू नका म्हणून सांगते, ते घरी पोचलं होतं. एका वडिलांनी विचारलं, "मंग राब कशानं भाजायचा?" बाहेरच्या वाचकांसाठी सांगते, भाताची रोपं टाकायच्या जागेवर उन्हाळ्यात शेण, पाला, कवळ्या, गवत पसरून ते भाजतात. त्याला राब म्हणतात. तणाचं बी मरतं, राखेचं खत मिळतं. पिढ्यान् पिढ्यांची रीत आहे. शाळेतल्या बाईनं एका तासात ती मोडीत काढावी, असं मला वाटत नाही, आणि तसं मी म्हणालेही नाही.

मी एवढंच म्हणाले, "राब शेतातला आहे, तो तुमचा हिशोब. मी बोलतेय ते दोन आगींबद्दल. एक, डोंगराला लावतात तो वणवा. त्यात पाला जातो, पाल्याखालची बुरशी जाते, रोपं जातात, आणि पहिल्या पावसात उघडी माती आपल्याच खाचरात येऊन पडते. दुसरी, शाळेच्या आवारात झाडून ढीग करून रोज लावतो ती. तिचा कुणालाच उपयोग नाही."

बरीच चर्चा झाली. शेवटी बुंधा विकला गेला, पैसे शाळेच्या खात्यात आले. जाड फांद्यांपैकी दोन आणि मुळासकट खोड मागच्या कुंपणाजवळ राहिलं. आवारातला पाला त्याच कोपऱ्यात टाकायचं ठरलं. आगकाडी लावायची नाही.

मुलांनी त्या ओंडक्याची हजेरी सुरू केली. वेगळी वही, त्यात तारीख, काय दिसलं, रंग, चित्र. पहिल्या पावसाळ्यात सालीवर नुसते पांढरे बारीक पंखे आले, खालून चिरलेल्या घड्यांचे. ती स्किझोफायलम, नव्या मेलेल्या लाकडावर लवकर येणारी. दुसऱ्या वर्षी शेंदरी चकत्या आल्या, तेव्हा शाळाभर ओरडा झाला. तिसऱ्या वर्षी पावसात तपकिरी, मऊ, कानासारखी बुरशी आली. पाऊस थांबला की ती वाळून चिवट होते, पुन्हा भिजली की फुगते. मुलं तिला 'ओंडक्याचे कान' म्हणतात. साल सुटली, आत गोम, वाणी, भुंगेऱ्याची जाड अळी सापडली. यंदा काही ठिकाणी लाकडात बोट रुततं.

गेल्या वर्षी वृक्षारोपणाच्या खड्ड्यांत आम्ही याच कोपऱ्यातला कुजलेला पाला घातला. ती रोपं बाकीच्यांपेक्षा उन्हाळ्यात बरी तगली. हा काही शास्त्रीय प्रयोग नव्हे, पाणी घालणारी मुलंही उत्साही होती. पण समितीतल्या त्या सदस्यांनी यंदा आपणहून दोन पाट्या पाला परसातल्या मिरच्यांसाठी मागून नेला.

खाण्याबद्दल मात्र कडक नियम

हा भाग पालकांनी नीट वाचावा. रंगीत म्हणजे विषारी आणि पांढरी म्हणजे चांगली, हे खोटं आहे. जगातल्या सर्वांत घातक बुरश्यांपैकी काही फिक्या पांढऱ्या असतात. किड्यांनी खाल्ली म्हणजे आपल्यालाही चालते, हे खोटं. चांदीचं नाणं काळं पडलं तर विषारी, हेही खोटं. शिजवल्यावर विष जातं, यावर तर मुळीच विसंबू नका. काही विषं उकळूनही तशीच राहतात. आणि सर्वांत घातक विषाची लक्षणं खाल्ल्यावर सहा तासांनी किंवा त्याहून उशिरा दिसतात. उलट्या-जुलाब थांबून मध्ये बरं वाटतं, तेव्हाही आत यकृत बिघडत असतं. शंका आली तर घरगुती उपाय करत बसू नका. उरलेली अळंबी पिशवीत घेऊन लगेच दवाखाना गाठा.

मग आजी कशा ओळखतात? त्या कुठलीही एक खूण बघत नाहीत. जागा, महिना, वारूळ, देठ, वास, टोपीचं टोक, सगळं एकत्र बघतात. आणि त्या ओळखीच्या मोजक्या जातीच घेतात, बाकीच्या सोडतात. ते ज्ञान चाळीस-पन्नास पावसाळ्यांचं आहे. मोबाइलमधल्या फोटोवरून ते येत नाही. मुलांनी त्याचा मान ठेवावा, नक्कल करू नये.

वर्गात करण्यासारखं

बीजाणूंचा ठसा: बाजारातली धिंगरी अळंबी आणा. टोपी कापून, पापुद्रे खाली करून काळ्या कागदावर ठेवा, वर पेला उपडा घाला. दुसऱ्या दिवशी पापुद्र्यांची फिकट नक्षी उमटते. उघड्या टोपीची बटन अळंबी मिळाली तर पांढरा कागद घ्या, ठसा गडद तपकिरी येतो.

भाकरीची पिशवी: ओलसर भाकरीचा तुकडा पारदर्शक पिशवीत बंद करा. रोज बाहेरूनच निरीक्षण करा. पिशवी उघडायची नाही, शेवटी तशीच टाकून द्यायची. दमा असलेल्या मुलांची काळजी घ्या.

दगडफूल: गोड्या मसाल्यातलं दगडफूल वर्गात न्या. मुलांना वास द्या आणि मग सांगा की हे फूल नाही. बुरशी आणि शैवाल यांच्या भागीदारीचा हा जीव आहे, त्याला शैवाक म्हणतात. शैवाल अन्न बनवतं, बुरशी घर देते. "आईनं बुरशी खायला घातली" म्हणून मुलं घरी जाऊन सांगतील. मसाला कुणी बंद करणार नाही, पण त्या रात्री जेवताना विषय निघेल.

ओंडका: एखादं मेलेलं लाकूड आवाराच्या कोपऱ्यात ठेवा. शहरातल्या शाळेला मोठ्या कुंडीतल्या जाड फांदीवरही भागेल. सावली आणि ओल हवी. वही करा.

एकाच गोष्टीचा आग्रह धरा असं मला वाटतं. तपासणीला कुणी येणार म्हणून आवार 'स्वच्छ' करताना हा कोपरा झाडू नका. विचारलं तर मुलांना उत्तर देऊ द्या. आमच्याकडे मागच्या वेळी आलेल्या साहेबांनी ओंडक्याकडे बोट दाखवून विचारलं, "हा कचरा इथे कशाला?" तिसरीतल्या मुलानं हजेरीची वही त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, "साहेब, कचरा न्हाय. अजून निम्मंच खाऊन झालंय."